हवेली, काळी पहाडी आणि तंबूतले आपण

रक्त पिणाऱ्या भुतांचे स्वस्तातले, मारामारीचे चित्रपट मला आवडतात. हे वाक्य मी आजवर कोठे लिहिलेले नाही, चारचौघांत बोललेलोही नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. चर्चासत्रांत दलित कवितेवर, आत्मकथनांवर निबंध वाचतो. आणि रात्री घरातली माणसे निजली की कानात इअरफोन घालून 'बंद दरवाजा' पाहतो. मध्येच बायको पाणी प्यायला उठली तर पडदा झाकतो. एवढे लपवण्यासारखे त्यात काय आहे, याचा विचार करताना हा लेख झाला.

चोरून घ्यावे लागणारे सुख ज्याला म्हणतात, त्यात चोर कोण आणि कोतवाल कोण हे आधी पाहिले पाहिजे. माझ्या बाबतीत कोतवाल दोन आहेत. पहिला प्रस्थापित अभिरुचीचा. त्याची ओळख मला महाविद्यालयात आल्यावर झाली. चांगला चित्रपट म्हणजे संथ, सूचक, कमी बोलणारा. ज्यात रक्त दिसते तो भडक, आणि भडक ते खालचे. 'खालचे' हा शब्द किती सहज येतो! या कोतवालाशी भांडायला आपण शिकलो आहोत. आपले सगळे साहित्यच त्याच्याशी भांडत उभे राहिले. दुसऱ्या कोतवालाशी भांडणे अवघड, कारण तो घरचा आहे. १९५६ नंतर माझ्या आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. मरीआई गेली, म्हसोबा गेला, आणि त्यांच्याबरोबर चिंचेवरची हडळही गेली. आमच्या घरात भुताचे नाव काढणे म्हणजे आजोबांच्या त्या दिवसाचा अपमान करणे होते. अशा घरातला शिकलेला मुलगा वटवाघळाचा माणूस होताना पाहून खूश होतो. आजोबांना मी काय तोंड दाखवू?

असो. आधी तंबूची गोष्ट सांगतो.

माझे आईवडील ऊसतोडीला जात. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघत, आणि कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहत. आम्हा लेकरांना सांभाळायला आजी बरोबर असे. १९९८ च्या हिवाळ्यात तळापासून तीनएक किलोमीटरवर जत्रा भरली होती आणि तिथे टुरिंग टॉकीज आली होती. तोपर्यंत तिचे दिवस भरत आले होते, पण आम्हाला ते कुठे ठाऊक! जमिनीवर बसायचे, पडद्यावर ठिगळे, मध्येच रीळ तुटले की शिट्ट्या. पहिल्या रात्री 'बंद दरवाजा' पाहिला. परत येताना उसाच्या फडाकडेने चालायचे होते आणि मी वडिलांचे धोतर सोडत नव्हतो. चुलतभावाने विचारले, "काका, पिच्चरमधल्या लोकांकडं त्रिशूळ होतं. आपण तर देव सोडलेत. आपल्याकडं काय हाय?" वडील चालता चालता म्हणाले, "आपल्याकडं कोयता हाय."

या उत्तराला आम्ही तेव्हा हसलो. ऊसतोडीच्या धंद्यात नवराबायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, मुकादम कोयत्यावर उचल देतो, हे कळायला मला आणखी काही वर्षे लागली.

येथे चित्रपटाची थोडी माहिती दिली पाहिजे. 'बंद दरवाजा' हा तुलसी आणि श्याम रामसे यांचा १९९० चा चित्रपट. फाळणीत कराचीहून आलेले हे सिंधी कुटुंब. मुंबईत वडिलांचे रेडिओचे दुकान होते. सात भाऊ, आणि कामाची वाटणी घरातच. कुमार लिहिणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण ध्वनी सांभाळणार, अर्जुन संकलन करणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार. १९७० मध्ये वडिलांनी काढलेला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' पडला. पण भावांच्या लक्षात आले की मुखवटा चढवून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूरच्या एका प्रसंगासाठी लोक पुन्हा येत आहेत. त्या एका प्रसंगातून त्यांचा सगळा धंदा निघाला. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी सगळे कुटुंब महाबळेश्वरला नेऊन, सुमारे साडेतीन लाख रुपयांत पुरा केला. मोठे नट नाहीत, धूर भरपूर, आणि दिव्यांवर लाल-हिरवे कागद. पोटासाठी कुटुंबच्या कुटुंब कामाला जुंपते, ही गोष्ट आम्हाला परकी नव्हती. कोपीतही तसेच होते.

'बंद दरवाजा'तला रक्तपिपासू म्हणजे नेवला. त्याचे काम अजय अगरवाल या नावाने पडद्यावर येणाऱ्या अनिरुद्ध अगरवालने केले. हा उंचापुरा माणूस रुरकीहून शिकलेला स्थापत्य अभियंता. नेवला काळ्या पहाडीवर राहतो, पेटीत झोपतो, वटवाघूळ होऊन उडतो. गावातल्या ठाकुराला मूल नाही. हवेलीतली मोलकरीण महुआ ठकुराणीला नेवल्याकडे नेते आणि करार होतो: मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर नेवल्याची. मुलगी होते.

हा प्रसंग तंबूत कसा पाहिला गेला, ते मला स्वच्छ आठवते. कोणी घाबरले नाही. सगळे गप्प झाले. ही 'उचल' आहे, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळले होते. अडलेल्या वेळी घ्यायची, आणि फेडताना अंगावर येणारी. फरक एवढाच की पडद्यावर उचल घेणारी ठाकुराची बायको होती. आणि करार मोडून ठाकूर नेवल्यावर चालून गेला तेव्हा तो नायक ठरला. मुकादमाची उचल बुडवून पळालेल्या कोयत्याचे काय होते, हे तंबूतल्या माणसांना विचारायला हवे होते.

मूळ कथेशी ताडून पाहिले म्हणजे रामसेंनी काय उलटेपालटे केले ते दिसते. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ ची. तिच्यातला ड्रॅक्युला उमराव आहे. गढीत राहतो, आपल्या कुळाच्या पराक्रमाच्या बढाया मारतो, आणि भोवतालची गरीब शेतकरी माणसे त्याच्या भीतीने दारे लावतात. रक्त पिणारा हा जमीनदार आहे, हे तिथे लपवलेले नाही. मार्क्सने त्याच्या तीस वर्षे आधी 'भांडवला'त हीच प्रतिमा मालकासाठी वापरली होती. आपल्या बोलीत तर ती कोणी शिकवावी लागली नाही. सावकार रक्त पितो, मुकादम गोचिडासारखा चिकटतो, असे आपल्या आया रोज बोलत आल्या. 'रक्तपिशाच्च' हा शब्द मात्र भाषांतरकारांनी घडवलेला. आपल्याकडच्या भुतांना जात असते. मुंज झालेला, लग्न न झालेला ब्राह्मणाचा मुलगा मेला की त्याचा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. ब्राह्मणाचाच ब्रह्मसमंध होतो. मेल्यावरही ज्याची त्याची आळी ठरलेली! या यादीत रक्त पिणारा उमराव नाही. ती जागा जिवंत माणसांनी आधीच भरलेली होती, म्हणून नसेल कदाचित.

रामसेंनी ड्रॅक्युला आणला आणि त्याला गढीतून बाहेर काढले. हवेलीत ठाकूर ठेवला, भला, दुःखी, संकटात सापडलेला. रक्त पिणारा गावाबाहेर, काळ्या पहाडीवर नेला. स्टोकरच्या उमरावाला गढीत नोकरसुद्धा नव्हता, तो गुपचूप स्वतःच पाहुण्याचे ताट मांडी आणि बिछाना घाली. रामसेंनी नेवल्याला सेवेकरी दिली ती हवेलीतलीच मोलकरीण. म्हणजे अन्याय करणारा वर आणि सोसणारा खाली, हा मूळ कथेचा उतार त्यांनी फिरवला. काळा, गावकुसाबाहेरचा, अघोरी तो धोकादायक. त्याचा स्पर्श झाला की माणूस बाटतो, त्याच्यातलाच होतो. हे भय ज्या देशात हजारो वर्षे मुरलेले आहे, त्या देशात हा चित्रपट चालायला वेगळ्या जाहिरातीची गरज काय?

मग मला तो का आवडतो? येथे मी स्वतःशी खोटे बोलणार नाही. तंबूत शिट्ट्या पडत होत्या त्या ठाकुरासाठी नव्हत्या. नेवला पेटीतून उठला, हवेलीच्या भिंतीवर त्याची सावली पडली, तेव्हा पडत होत्या. एरवी ज्या वाड्याच्या दारात वहाणा हातात घ्याव्या लागत, त्या दारामागची माणसे थरथर कापत होती, आणि ते पाहण्याचे तिकीट थोडक्या रुपयांत मिळत होते. कथा हवेलीच्या बाजूची होती, सुख आमच्या बाजूचे. दिग्दर्शकाला हे ठाऊक होते की नाही, मला सांगता येणार नाही. पण चांगल्या, सूचक चित्रपटात हे घडत नाही. तिथे सगळे इतके आवळून बांधलेले असते की प्रेक्षकाला आपल्या बाजूने बसायला जागा सापडत नाही. रामसेंच्या चित्रपटाला फटी फार. त्या फटींतून आम्ही आत शिरलो.

आजी मात्र शिरली नाही. ती गावात बाळंतपणे करायची. वाड्यातल्या बायकांचीही करायची; मागच्या दाराने जायची आणि मागच्या दाराने यायची. मूल दगावले तर हिची नजर वाईट, आणि जगले तर देवाची कृपा. चित्रपट संपल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, "त्या महुआला काय भेटलं ह्यात?" मी पुढे पुष्कळ समीक्षा वाचली, पण या चित्रपटाला इतका नेमका प्रश्न कोणी विचारलेला मला आढळला नाही. अरुणा इराणीने महुआ जीव ओतून उभी केली आहे. पण तिला काय हवे आहे, हे चित्रपट सांगत नाही. तिला घर नाही, माणूस नाही, मागणे नाही. मोलकरीण आहे म्हणजे चेटकीण असायला पुरेसे आहे. 'करणी करते' म्हणून बाईला मारहाण होण्याचे प्रकार आपल्या राज्यात झाले आहेत, आणि त्याविरुद्ध कायदा व्हायला २०१३ साल उजाडले, तेही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. तेव्हा महुआच्या बाबतीत मी माझ्या सुखाचे समर्थन करणार नाही. तिथे घरचा कोतवाल बरोबर आहे.

त्याच जत्रेत दोन दिवसांनी 'पुराना मंदिर' लागला. १९८४ चा हा चित्रपट त्या वर्षी तुफान चालला होता. सामरी या सैतानाच्या उपासकाचे राजा शिर उडवतो. धड एकीकडे, शिर दुसरीकडे. मरताना सामरी शाप देतो की तुझ्या घरातल्या बायका बाळंतपणात मरतील. पुढे दोनशे वर्षांनी धडाला शिर मिळते. शेवटी सामरीला जाळतात. मशाली पेटल्या आणि आजी उठली. तिने माझा हात धरला आणि आम्ही तंबूबाहेर आलो. चित्रपट अजून संपला नव्हता म्हणून मी रडलो. तिने काहीच सांगितले नाही. वडिलांनी पुढे सांगितले. १९७८ च्या जुलैत विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. त्या दिवसांत आजी लेकरांना घेऊन दोन रात्री ज्वारीत बसली होती. अंधारातून मशाली घेऊन गाव चालत येतो, म्हणजे सुटका येते, असे सगळ्या भयपटांचे गृहीत आहे. आजीला तसे वाटण्याचे काही कारण नव्हते. मी आजही 'पुराना मंदिर' पाहताना तिथे थांबतो. पुढे पाहतो, पण थांबतो.

आता या जातीच्या चित्रपटांतल्या ज्या एका कृतीने मला हा लेख लिहायचे धैर्य दिले, तिच्याकडे वळतो. 'ब्लॅक्युला' हा अमेरिकन चित्रपट १९७२ चा, म्हणजे मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच सालचा. पँथरचे नाव आपण ज्यांच्याकडून घेतले त्यांची कविता आपण भाषांतरित केली, त्यांचे आत्मकथन वाचले. त्यांचे स्वस्त चित्रपट मात्र आपल्यापर्यंत आले नाहीत. मी तो २०१५ नंतर कधीतरी संगणकावर पाहिला.

सुरुवात १७८० मधली. मामुवाल्डे हा आफ्रिकेतला राजपुत्र पत्नी लुवासह ड्रॅक्युलाच्या गढीत आला आहे. गुलामांचा व्यापार थांबवायला मदत करा, अशी विनंती करायला. जेवण झाले आहे, दिवे लागले आहेत, सभ्य बोलणे चालू आहे. आणि उमराव लुवाकडे बघून तिच्या किमतीची भाषा करतो. मामुवाल्डे उठतो. मग मारामारी, चावा, आणि ड्रॅक्युला त्याला आपले नाव मोडून एक नाव देतो: ब्लॅक्युला. पेटीत बंद करतो. बाहेर लुवा कोंडून मरते. एवढे सगळे नावांची पाटी येण्याच्या आधी संपते.

हा प्रसंग मूळ आराखड्यात नव्हता. नायकाचे नावही साधेसे अमेरिकन होते. विल्यम मार्शल या नटाने हट्ट धरून तो आफ्रिकन राजपुत्र करून घेतला आणि गुलामांच्या व्यापाराचा विषय आत आणला. मार्शल शेक्सपिअरचा ऑथेल्लो करणारा, घंटेसारख्या आवाजाचा रंगभूमीवरचा नट. दिग्दर्शक विल्यम क्रेन तरुण, कृष्णवर्णीय. कंपनी मात्र स्वस्त चित्रपटांचा रतीब घालणारी अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स, आणि खर्च सुमारे पाच लाख डॉलर, हॉलिवूडच्या हिशेबाने चिल्लर. एका नटाने पाच लाखांच्या रद्दी मालात आपल्या पूर्वजांचा इतिहास घुसवला. वाङ्मयीन प्रतिष्ठेची वाट बघत बसला असता तर त्याला तो कोठे मांडता आला असता?

नाव ठेवण्याचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहतो. शूद्राचे नाव तिरस्कार दाखवणारे असावे, असा मनुस्मृतीचा नियम आहे. आपल्या कचरू, दगडू, धोंडू या नावांवर तो पिढ्यान्पिढ्या गिरवलेला आहे. चित्रपटात राजपुत्र स्वतःला मामुवाल्डे म्हणवतो. जाहिरातीवर मात्र मालकाने ठेवलेले नाव मोठ्या अक्षरांत. कंपनीलाही तेच नाव विकायचे होते.

पुढची कथा १९७२ च्या लॉस एंजेलिसमध्ये. पेटी उघडते, मामुवाल्डेला लुवासारखी दिसणारी टीना भेटते, पोलिसांसाठी काम करणारा कृष्णवर्णीय डॉक्टर गॉर्डन टॉमस त्याचा माग काढतो. टॅक्सी चालवणारी बाई शवागाराच्या बोळातून हात पसरून, मंद गतीने, किंचाळत धावत येते, तो प्रसंग कोणत्याही मोठ्या दिग्दर्शकाने आपला म्हणावा असा आहे. पण माझा आक्षेपही तिथेच आहे. मामुवाल्डे रक्त कोणाचे पितो? ड्रॅक्युला पुन्हा पडद्यावर येतच नाही. गुलामांचे व्यापारी कधीच मेले. हाताशी सापडते ती टॅक्सीवाली. पेटी विकत घेणारी जोडी समलिंगी पुरुषांची आहे, आणि त्यांच्यावर चित्रपट हलकट विनोद करतो. ज्याला चावले तो आपल्यापेक्षा दुबळ्याला चावतो, हा या कथेचा नियमच आहे. आपल्या घरात, वस्तीत, चळवळीतसुद्धा तो मी पाहिला आहे. बायकांना विचारा.

१९७३ च्या 'स्क्रीम ब्लॅक्युला स्क्रीम' या दुसऱ्या भागात मामुवाल्डेलाच ते जाणवते. रस्त्यावर दोन दलाल त्याला लुटायला येतात. तो त्यांना सुनावतो की तुम्ही आपल्याच बहिणीला गुलाम केले आणि मालकाची नक्कल करीत बसला. मग त्यांना भिंतीवर आपटतो. भाषण आणि ठोसा एका दमात! प्रस्थापित समीक्षक म्हणेल, हे प्रचारकी आहे. आहेच. पण ठोसा बसतो तेव्हा मला खुर्चीत सरळ बसावे लागते.

मारामारीचे हे सुख वेगळे सांगायला हवे. ब्रिटनची हॅमर आणि हाँगकाँगचे शॉ ब्रदर्स यांनी मिळून १९७४ मध्ये 'द लेजंड ऑफ द सेव्हन गोल्डन व्हॅम्पायर्स' काढला. कथा पोरकट, मुखवटे मातीचे वाटावेत असे. पण त्याच्या आरंभीच एक साधा शेतकरी एकटाच त्या देवळात घुसतो. धर्मचिन्ह घेऊन पुरोहित येण्याची तो वाट पाहत नाही. वडिलांच्या कोयत्याची मला तिथे आठवण होते.

अमेरिकेतही घरचा कोतवाल होताच. ज्युनियस ग्रिफिन हे एनएएसीपी या तिथल्या जुन्या संघटनेच्या हॉलिवूड शाखेचे प्रमुख. असे चित्रपट कृष्णवर्णीयांना दलाल, गुंड, राक्षस दाखवतात आणि पैसा गोऱ्यांच्या खिशात जातो, म्हणून त्यांनी १९७२ मध्येच आवाज उठवला. 'कृष्णवर्णीय' आणि 'शोषण' या अर्थांचे शब्द सांधून 'ब्लॅक्सप्लॉयटेशन' हे नाव त्यांनी चालू केले. ग्रिफिन चुकीचे बोलत नव्हते. पैशाचा हिशेब तर अगदी बरोबर होता. पण मार्शलने त्याच चित्रपटात जे घुसवले ते या नावाच्या हिशेबात बसत नाही. चळवळीला शिस्त हवी असते, स्वच्छ प्रतिमा हवी असते. लोकांना कधी कधी हवेली घाबरलेली पाहायची असते. दोन्ही गरजा आपल्याच आहेत. एकीची लाज दुसरीने का वाहायची, हे मला समजत नाही.

मागच्या हिवाळ्यात वडील माझ्याकडे राहायला आले होते. कोयता सुटला, पाठ गेली. एका रात्री त्यांना झोप येईना म्हणून मी 'ब्लॅक्युला' लावला आणि जमेल तसे सांगत गेलो. शेवट असा आहे. पोलिसांच्या गोळीने टीना पडते. तिला वाचवायला मामुवाल्डे तिला आपल्यासारखे करतो, आणि पोलीस तिच्या छातीत खुंटी ठोकतात. मग तो कोणाशी लढत नाही. जिना चढून वर उन्हात जातो, आणि संपतो. डॉक्टर खाली उभा राहून पाहतो. मार्शलची ती चाल पाहण्यासारखी आहे. वडिलांनी ती पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"ह्येला उन्हाचं काय भ्या?" त्यांनी विचारले.

मी सांगितले की हे लोक उन्हात टिकत नाहीत, अशी कथा आहे.

"आन् त्यो डागदर? आपल्यातलाच हाय ना? मग त्येनं का नाही धरलं त्येला?"

मला उत्तर देता आले नाही. त्यांनी दुसरा भाग आहे का विचारले. मी इअरफोन काढून ठेवले आणि आवाज मोठा केला.